तिसरा ड्रम

टँकरच्या टाकीवर चढून मुंजाजीनं झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. सोडा टाकून चांगली धुतली, असं सगळे सांगत होते, पण वास काही गेला नव्हता. उन्हात तापलेल्या दुधाचा तो आंबूस वास चार वर्षांनी नाकात शिरला आणि मुंजाजीला घरी आल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याचा त्याला लगेच रागही आला.

"काय हुडकतो बे आत?" खालून रामकिसन ओरडला. रामकिसन दूध संघाचा सेक्रेटरी. "गायी गेल्या छावणीत. डेअरीत आता निस्त्या माशा हायत."

"लोकास्नी प्यायचं पाणी न्यायचंय. वास येतोय."

"येऊ दे. पाणी येतंय ह्येच लई झालं."

दुष्काळात संघाला दूध उरलं नाही, तेव्हा संघानं टँकर पाण्याच्या ठेक्याला लावला. आधीचा ड्रायव्हर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन तिकडं कर्नाटकात गेलेला. या गाडीचा दुसरा गिअर दमदाटीनं पडत नाही, त्याची समजूत काढावी लागते, आणि ती काढणारा माणूस जवळपास एकच उरला होता. म्हणून मुंजाजीला बोलावणं गेलं. दैवाचीही कमाल असते. टँकरच्या दुधात पाणी निघालं म्हणून ज्याला हाकलला, त्यालाच आता त्याच टँकरमधून निव्वळ पाणी वाहायला परत घेतला.

दुधात पाणी मुंजाजीनं घातलं नव्हतं. मग कोणी घातलं, हे त्याला आजवर कळलं नाही. शहरात दूध तपासलं, ते नापास झालं, सगळं परत आलं. कोणाच्या तरी गळ्यात घोंगडं टाकायचं होतं आणि ड्रायव्हरचा गळा सगळ्यात जवळ होता. बैठकीत त्यानं हात जोडून सांगितलं, पोटावर हात ठेवून सांगितलं. लोकांनी मान हलवली आणि त्याचं नाव पाणीवाला पाडलं. मग तो आपल्या भावाच्या, म्हाळूच्या, मेंढरांमागं हिंडायला लागला. मेंढरं कोणाला नावं ठेवत नाहीत, एवढंच त्यांच्यात बरं होतं. यंदा चारा नाही म्हणून म्हाळूनं तीही विकली.

त्याला स्वतःचं फारसं वाटत नव्हतं. जीव तुटायचा तो मनकर्णासाठी. लेक लिंबागणेशच्या अलीकडच्या एका वस्तीवर दिलेली. तिची सासू ताराबाई तोंडाची तिखट; विहिणीच्या हाती असलं नाव लागल्यावर ती काय सोडते? नातवाच्या बारशाला मुंजाजी कुंची-टोपडं घेऊन गेला, तर त्याला कोणी 'या' म्हणालं नाही. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तेव्हा बाळंतीण मनकर्णा भरल्या बायकांत उठून म्हणाली होती, "माजा बाप उपाशी मरंल, पर असलं करायचा न्हाई." त्या एका वाक्यासाठी ताराबाईनं तिला पुन्हा माहेरी धाडलं नाही. मुंजाजी मात्र चार वर्षं त्याच वाक्यावर जगत होता.

आज पहिली खेप त्याच वस्तीची होती.

विहिरीवर टाकी भरून तो निघाला. मेंढरांमागं चालून गुडघे कामातून गेलेले. क्लच दाबला की डाव्या गुडघ्यातून कळ निघायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. चढाला त्यानं गिअरची दांडी हलकेच मागं घेतली, थोडा थांबला, मग सोडली. गिअर पडला. "तू तरी वळखलं," तो गाडीला म्हणाला. त्याच्या मनात एकच होतं. चारचौघांदेखत घराघराला सारखं पाणी वाटायचं, थेंबाचाही दुजाभाव करायचा नाही, आणि ताठ मानेनं गाडी वळवायची. लेकीनं ते बघायचं. बस्स.

वस्तीच्या वळणावर पोरांनी गाडी पाहिली आणि आरोळी उठली.

"पाणीवाला आला! पाणीवाला आला!"

मुंजाजीचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मग त्यानं पोरांचे चेहरे पाहिले. ती चिडवत नव्हती, नाचत होती. त्यानं गाडी पुढं घेतली.

रस्त्याच्या कडेनं निळे ड्रम मांडून बाया उभ्या होत्या. घरटी दोन ड्रम, असं वस्तीनंच ठरवलेलं. लिंबाखाली बसलेल्या अर्जुनरावानं मुंजाजीला ओळखलं आणि आवाज टाकला, "तवा दुधात पाणी, आता पाण्यात दूध. वा रे गड्या!" दोघंतिघं हसले. मुंजाजीनं पाइप खांद्यावर घेतला आणि पहिल्या ड्रमात सोडला. ड्रम गळ्यापाशी आला की तो पाइप दुमडायचा, पुढच्यात न्यायचा. कोणाला बोटभर जास्त नाही, कोणाला कमी नाही. चार-पाच घरं झाली तसा अर्जुनरावही गप्प झाला. मुंजाजीच्या पाठीला जरा बाक कमी वाटायला लागला.

मग ताराबाईचं दार आलं. तिथं तीन ड्रम होते.

दोन भरून मुंजाजीनं पाइप दुमडला.

"ह्यो बी भरा की, इवाई," ताराबाई म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा ती त्याला इवाई म्हणाली, आणि चांगलं मोठ्यानं.

"दोन-दोनच ठरल्यात, इहीणबाई. मागं घरं हायत अजून."

"घरं तर असत्यातच. गाडी घरची आन् आमी कावून वाळत बसावं?" तिनं मागं वळून पाहिलं. "मनकर्णा, सांग गं तुझ्या बापाला. तुझं तरी ऐकतो का बघू."

मनकर्णा पुढं आली. लेक वाळली होती. गालाची हाडं वर आलेली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. जावई उत्तरेश्वर ऊसतोडीला गेलेला, म्हणजे घरात ही आणि ही सासू, दोघीच. आपण गाडी घेऊन निघून जाऊ, मग संध्याकाळी या पोरीच्या वाट्याला काय येईल, ते मुंजाजीला ढळढळीत दिसलं. रांगेतल्या बाया बघत होत्या. मनकर्णानं तिसऱ्या ड्रमच्या तोंडावर पालथा हात ठेवला आणि बापाकडं पाहिलं.

ड्रम हलू नये म्हणून धरला असेल, असं मुंजाजी समजला. त्यानं पाइप सोडला.

पाणी हातावर पडलं तेव्हा तिनं हात काढून घेतला.

आता रांगेतून कोणीतरी ओरडेल, पाइप हिसकावेल, म्हणून तो खाली मान घालून वाट पाहत राहिला, पण तसं काही झालं नाही. उलट पुढच्या घरची बाई हसून म्हणाली, "आमाला बी वाईच दाबून भरा, मामा." त्यानं तिलाही दाबून भरलं. एकदा माप सुटलं की सुटलं. शेवटच्या घराशी टाकी खाकरली, दोन गुळण्या टाकल्या आणि कोरडी पडली. ते घर सावित्रीबाईचं. म्हातारी एकटीच राहायची. तिचा एक ड्रम अर्धा भरला, दुसरा तसाच राहिला.

"उद्या पैल्यांदा तुमचं भरतो, आजी," मुंजाजी म्हणाला.

"ऱ्हाऊ दे बाबा. एवढं बी लई हाय." ती खरंच मनापासून म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो पाइप गुंडाळत होता, तेवढ्यात अर्जुनराव जवळ आला. त्यानं मुंजाजीच्या पाठीवर थाप मारली.

"आता आलास बे माणसात. उगं हरिश्चंद्र व्हऊन हिंडत व्हतास. आपल्या लेकीबाळीला बघायचं न्हाई तर कुनाला बघायचं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मुंजाजी हसला. काय करावं ते न सुचून हसला.

ताराबाईनं त्याला हाक मारून ओट्यावर बसवलं. बारशाला ज्या घरानं त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्याच घरानं आज सतरंजी टाकली, पाय धुवायला तांब्या ठेवला. नातू खांबाआडून त्याला बघत होता. मुंजाजीनं हात पुढं केला, तर पोरगं आलंसुद्धा आणि मांडीवर बसलं.

"पाडव्याला न्या पोरीला चार दिस," ताराबाई आतून म्हणाली. "तिच्या आईला बी बरं वाटंल. मागचं उगाळून काय व्हतं, इवाई? माणूस हाय, चुकतंय."

जे ऐकायला तो चार वर्षं आसुसला होता, ते हे असं आलं. मुंजाजीचे डोळे भरून आले, आणि ते आनंदानं भरले की कशानं, हे त्याचं त्याला कळेना.

मनकर्णा कोरा चहा घेऊन आली. बशीत कप ठेवून तिनं तो बापापुढं सरकवला. पोराला उचलून कडेवर घेतलं आणि जरा थांबली. सासू चुलीशी होती. मनकर्णा खाली वाकली आणि ऐकू येईल न येईलसं म्हणाली,

"आबा, तवा दुधात बी तुमीच घातलं व्हतं का?"

मुंजाजीनं वर पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं विचारत होती.

"न्हाई गं," तो म्हणाला.

मनकर्णानं मान हलवली. बैठकीत लोकांनी हलवली होती, तशीच.

"चहा निवतोय," ती म्हणाली आणि पोराला घेऊन आत गेली.