ताहिरच्या डब्याचा चौथा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, चार कप्प्यांचा, वर धरायला मूठ आणि झाकण घट्ट बसवायला कडी असलेला. चार कप्प्यांचा असं आपलं म्हणायचं; मोजायला बसलात तर तीनच भरतील. चौथ्याची जागा रिकामी आहे, म्हणून मी चालताना खडखडतो. माझी मालकीण जुबैदा त्या जागेत रोज एक नॅपकिन गुंडाळून बसवते, तरी माझं तोंड काही बंद होत नाही.

माझा मुक्काम बहरीनमध्ये, माहूजच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. घरातला थोरला मुलगा खिजर याला माझा आवाज मुळीच खपत नाही. त्याने मला दोनदा भंगाराच्या पिशवीत घातलं आणि दोन्ही वेळा त्याच्या वडिलांनी, म्हणजे ताहिरने, मला बाहेर काढून धुऊन जागेवर ठेवलं. एवढा मान मला का मिळतो, हे खिजरला नीट ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो.

ताहिर माझा धनी. मी त्याला अरेतुरे करतो, कारण आम्ही दोघांनी रत्नागिरी एकाच दिवशी सोडली. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि मी आठ दिवसांचा. त्याची आई शरीफुन्निसा हिने मला भांड्यांच्या दुकानातून निवडून घेतलं, आणि दुकानदाराकडून माझ्या झाकणावर छिन्नीने ठिपके पाडून नाव घालून घेतलं, 'ताहिर'. ती म्हणाली होती, "परक्या मुलखात भांडी हरवतात. नाव असलं म्हंजे आपलं माणूस आपल्याकडं परत येतं." म्हणायचं होतं भांडं, तोंडातून गेलं माणूस. कुणी तिची चूक सुधारली नाही.

मग तीस वर्षं मी मनामाच्या जुन्या बाजारात जातयेत राहिलो. ताहिर तिथे एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळतो. खालच्या कप्प्यात भात, त्यावर साफी माशाचं कालवण, त्यावर भाकरी, सगळ्यांत वर लोणचं नाहीतर सांदणाचा तुकडा. दुपारी माझी कडी उघडली की शेजारचे दुकानदार माना वळवून बघायचे. मी फुगून जायचो. ताहिर बाहेरचं काही खात नसे, चहासुद्धा नाही. घरचं ते घरचं! बाहेर खायचं नाही म्हणून बाहेर जायचंही नाही. बहरीनचा किल्ला त्याने तीस वर्षांत फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता. हे सगळं माझ्या जिवावर चाललं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्याची धाकटी मुलगी नाझिश लहान असताना मला मांडीवर घेऊन माझ्या झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसायची. शाळेत सगळं इंग्रजी. मराठी अक्षरं तिने पहिल्यांदा माझ्याकडून गिरवली. उरलेली जुबैदाने शिकवली. एकदा ती मला ईसा टाउनच्या शाळेत घेऊन गेली आणि बसमध्ये माझं कालवण सांडलं. त्या दिवसापासून तिला प्लॅस्टिकचा डबा मिळाला. मला वाईट वाटलं, पण कालवण सांडलं होतं हे खरंच होतं.

पुढे नाझिश इंजिनीअर झाली आणि दोन वर्षांच्या करारावर तैवानला गेली. तिथल्या दक्षिणेला ताइनान नावाचं फार जुनं शहर आहे, एके काळची राजधानी. दोन वर्षं संपत आली तेव्हा कंपनीने तिला आणखी तीन वर्षं राहशील का असं विचारलं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"अब्बा, आय लाइक इट हिअर," ती फोनवर म्हणाली.

"खातेस काय तिकडं?" ताहिरने विचारलं. "सगल्यात डुकराची चरबी."

"एक अमा आहे, ठेला चालवते. शी कुक्स सेपरेट फॉर मी. रिअली."

"हाटेलवाले काय पन सांगतात. मी माझ्या डोल्यांनी बघणार. पोरीचे हाल असतील तर सरल घरी आणणार. खलास!"

भांड्याला भांडं लागलं की आवाज व्हायचाच. मधे पडली जुबैदा. तिने तिकिटं काढायला लावली, आणि मला भरायला घेतलं. तांदळाच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, खालच्या दोन कप्प्यांत खजूर. विमानतळावर एका अधिकाऱ्याने माझी कडी काढून चटणीचा वास घेतला आणि घाईघाईने झाकण लावलं.

ताइनानला उतरलो तो गुरुवार होता. नाझिशला पाहून ताहिर आधी तिच्या गालांकडे बघत राहिला. गाल होते तसेच होते, किंबहुना जरा वरच. तरी तो म्हणाला, "वालली पोरगी."

दुसऱ्या दिवशी आम्ही आनपिंगचा किल्ला बघायला गेलो. डच लोकांनी बांधलेला. लाल विटांची एक जुनी भिंत अजून उभी आहे, आणि वडाच्या मुळ्या तिला कवटाळून खाली आल्या आहेत. नाझिशने सांगितलं की जुन्या काळी विटा जोडायला चिकट तांदूळ, साखरेचं पाणी आणि शिंपल्यांचा चुना वापरायचे.

"तांदूल नि साखर?" जुबैदाने भिंतीला हात लावून पाहिला. "मंग हा किल्ला कसला, हे तर सांदणच झालं की गो!"

जवळच एक जुनं गोदाम आहे. ते ओस पडलं आणि वडाने छपरातून, खिडक्यांतून शिरून सगळं आपल्या कवेत घेतलं. लोक माना वर करून फोटो काढत होते. ताहिर कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "गोदामाकडं लक्ष नाय दिलं म्हंजे हे असं होतं." तीस वर्षांची नोकरी बोलली ती. मायलेकी हसून हसून बेजार झाल्या.

पण जेवायची वेळ झाली की हसू मावळायचं. नाझिशच्या पर्समध्ये एक कार्ड होतं. डुक्कर नको, त्याची चरबी नको, दारू नको, असं तिथल्या लिपीत लिहिलेलं. ते दाखवून ती जपून एकेक जिन्नस आणायची. सोयाबीनच्या दुधाचा थरथरता गोड पदार्थ, अगदी खरवसासारखा. पपई घालून घुसळलेलं दूध. आंब्याच्या फोडींखाली भुरभुरीत बर्फ. जुबैदा सगळं चाखायची आणि चमचा चाटायची. ताहिर मात्र जुन्या देवळासमोरच्या बाकावर मला मांडीवर घेऊन भाकरी चावत बसायचा.

"अब्बा, ट्राय तरी करा ना," नाझिश म्हणायची.

"माझं हाय माझ्यापाशी."

मित्रांनो, पहिल्या दिवशी मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाकरी वाळली. नाझिशचा चेहरा मी खालून बघत होतो. ती हट्ट करत नव्हती, नुसती बोटांत कार्ड फिरवत होती. सोमवार जवळ येत होता. आपण या बापलेकींच्या मधे भिंतीसारखे उभे आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

रविवारी सकाळी ती आम्हाला अमाच्या ठेल्यावर घेऊन गेली. तिकडे आजीला अमा म्हणतात. ही अमा सत्तरीची, ठेंगणी, रबरी बूट घातलेली आणि डोक्याला फडकं बांधलेली. पुढे चार टेबलं, मागे स्वयंपाकघर. ती सकाळी फक्त माशाची पेज विकते. मासा भारी काटेरी, पण तिच्या हातून एक काटा सुटत नाही.

ताहिरने मला टेबलावर ठेवून कडी उघडली. वरच्या कप्प्यात चटणी होती. दुसऱ्यात काहीच नव्हतं.

"भाकऱ्या कुठं हायत?"

"संपल्या," जुबैदा शांतपणे म्हणाली. "दोनच दिसांच्या भाजल्या होत्या."

"दोनच?"

"चार दिसांच्या भाजल्या असत्या तर तुमी चार दिस दगड चावत बसला असतात."

एवढ्यात अमा आली. तिने मला पाहिलं आणि तिचे डोळे लुकलुकले. काहीतरी भराभर बोलत तिने मला उचललं आणि आत निघाली सुद्धा! ताहिर तीनताड उडाला. परका माणूस दिसला की त्याच्या तोंडी बाजारातली अरबी येते, मग तो माणूस कुठला का असेना.

"मफी! मफी!" तो ओरडला. "नको, नको! माझा डबा!"

आणि मला सोडवायला तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसला.

तिथे मोठमोठी पातेली रटरटत होती. पण अमा त्यांच्याकडे गेलीच नाही. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला, सगळ्यांपासून दूर, खिळ्याला एक छोटं पातेलं टांगलं होतं. त्याच्याजवळच्या फळीवर वेगळी पळी, वेगळी सुरी, तेलाची वेगळी बाटली. पातेल्याला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर काळ्या शाईने नाव घातलं होतं. मराठीत. 'नाझिश'. झ जरा तिरका, आणि सगळी अक्षरं ठिपक्या ठिपक्यांनी काढलेली.

ताहिर तिथेच थांबला.

"अमा म्हणाली, तुझ्या लिपीत लिही," नाझिश दारातून हळूच म्हणाली. "ते वाचता नाही आलं तरी कळेल. सो नोबडी टचेस इट."

"नि ठिपके कशाला काढलेस?"

ती गोंधळली. "भांड्यावर नाव असंच घालतात ना, अब्बा?"

अमाने माझं झाकण त्या पातेल्याशेजारी धरलं. एकदा इकडचे ठिपके दाखवले, एकदा तिकडचे, आणि ताहिरच्या छातीला बोट लावून मोठ्याने हसली. पोरगी कुणाची ते तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. ताहिरला हसू येईना. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आपल्या आईने आपल्यासाठी जे केलं होतं, ते इथे एका अनोळखी बाईने आपल्या मुलीसाठी करून ठेवलं होतं. त्याला वाटलं होतं पोर परक्या मुलखात आहे. तिच्या नावाचं भांडं तर इथे दोन वर्षं टांगलेलं होतं!

अमाने त्याच पातेल्यात पेज केली आणि माझ्या रिकाम्या कप्प्यात वाढली. मऊ भात, माशाचे पांढरे तुकडे, वर तळलेला कांदा आणि आल्याच्या बारीक काड्या. ताहिरने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. अमा तर कमरेवर हात देऊन उभी होती.

"जुबैदा," तो म्हणाला, "ही तर आपलीच पेज."

"मंग? तांदूल नि मासा. दुसरं काय असणार?" जुबैदा म्हणाली. "घरोघरी मातीच्या चुली."

त्याने दोनदा मागून घेतली. तीस वर्षांत इतक्या आनंदाने रिकामा मी कधी झालो नव्हतो.

सोमवारी, निघण्याच्या सकाळी, आम्ही पुन्हा तिथे गेलो. ताहिरने माझी कडी सोडली, तळाचा कप्पा बाहेर काढला आणि नाझिशच्या पातेल्याशेजारी फळीवर ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! जुबैदाने लगेच त्याचा हात धरला.

"रिकामं भांडं देतात काय कुणाला?" म्हणत तिने उरलेले सगळे खजूर त्यात ओतले.

"अब्बा, डबा मोडला ना तुमचा," नाझिश म्हणाली.

"मोडला नाय. आमी परत आलू म्हंजे पेज कशात खाणार? माझं भांडं हितं नको?" मग तो म्हणाला, "जा. सही करून टाक."

नाझिशने बापाला मिठी मारली. अमाला एक शब्द कळला नाही, तरी तिने फडक्याने डोळे टिपले.

असा मी तीन कप्प्यांनिशी बहरीनला परतलो. आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी ताहिर म्हणाला, "यल्ला, चल जुबैदा, आपला पन किल्ला बघून येऊ." तीस वर्षांनी ती दोघं बहरीनच्या किल्ल्यावर चढली. मी हातात खडखडत होतो. खाली उतरल्यावर त्याने एका ठेल्यावरून उकडलेले मसालेदार छोले घेतले, माझ्या रिकाम्या कप्प्यात, आणि समुद्राकडे तोंड करून दोघांनी ते एकमेकांच्या आधी संपवायची शर्यत लावली.

आता दर रविवारी फोनवर नाझिश आधी फळी दाखवते. माझा कप्पा तिथे पातेल्याला टेकून बसलेला असतो. अमा त्याला रोज पुसते म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं असेल. पोचे आलेलं, खडखडणारं, नव्या सामानात शोभत नसलेलं. ते जरूर काढा, पण भंगाराच्या पिशवीत टाकण्याआधी त्याच्यावर कुणाचं नाव आहे ते बोट फिरवून बघा. आणि त्याचा एखादा भाग हरवलेला दिसला, तर घरातल्या मोठ्यांना एवढंच विचारा, की याचा चौथा कप्पा कुठे आहे?

माझा ताइनानला आहे. तो हरवलेला नाही. तिथे तो आमची वाट बघतो आहे, आणि इथे मी त्याची.