शून्य लिहिणारी गल्ली

आमची बारकी जंगलाची किंमत काढते. लाकडाची नव्हे, उभ्या जंगलाची: सावली, पाणी, हवा, सगळ्याची. विद्यापीठात हा म्हणे एक अख्खा विषय आहे. मी शाळा चौथीत सोडली, पण बाजारात मला अजून कुणी फसवलेलं नाही. तरी लेक मला किंमत म्हणजे काय ते शिकवते. तोंड माझ्यावरच गेलंय तिचं.

यंदा सगळं घोडं गावामागच्या टेकडीवर अडलं होतं. तिथलं जंगल तोडून रस्ता न्यायचा की रस्ता वळवायचा, ते सरकारी समिती ठरवणार. लोकांना जंगल किती मोलाचं वाटतं, ते शोधायचं काम बारकीकडे. हे काम समितीपुढे टिकलं तर विद्यापीठात कायमची जागा, नाहीतर पुन्हा वर्षावर्षाच्या करारावर गावं बदलत हिंडायचं. एवढी शिकली, पण स्वतःचं म्हणावं असं एक कपाट नाही पोरीकडे.

तिचे विद्यार्थी गल्लीत कागद वाटून गेले. प्रश्न होता: हे जंगल टिकावं म्हणून तुम्ही दरवर्षी किती पैसे द्याल?

माझं डोकंच फिरलं. वणवा लागला की विझवायला धावायचं आम्ही, आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे? मी ठसठशीत शून्य लिहिलं. शेजारची शिंपीण म्हणाली, "थोडे लिहू का हो?"

"लिही की. उद्या पावती फाडायला दारात उभे राहतील."

तिनेही शून्य लिहिलं. मग मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. इथे माझ्या शब्दाला वजन आहे.

पुढच्या आठवड्यात बारकी चपला न काढताच आत आली. "आई, अख्ख्या गल्लीने शून्य लिहिलंय."

"लिहिणारच. मी सांगितलं."

ती मटकन खुर्चीत बसली. "अगं, वसुली नव्हती ती! आता समिती म्हणणार, जंगल गेलं तरी या लोकांना काही फरक पडत नाही. रस्तावाल्यांचं आयतंच फावलं."

"मग शून्यवाले काढून टाक," मी म्हटलं.

"काढतात तसे. पण जंगलाला खेटून राहणारी माणसंच मोजायची नाहीत, तर मोजायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच घरोघरी गेली. एकेकाला एकटं बसवून विचारलं. सुरुवात माझ्यापासून.

"बाई, तुम्ही शून्य का लिहिलंत?"

"बाई कुणाला म्हणतेस गं?"

"मी कामावर आहे."

"माझंच आहे ते मी विकत का घेऊ? लिही."

तिने जसंच्या तसं लिहिलं. "आणि जंगल तोडलंच, तर किती भरपाई चालेल?"

भाव करायला मी तोंड उघडलं आणि आकडाच येईना. मी, जी सुईचाही भाव करते! "नाही चालणार," म्हटलं, "उठ आता, पुढचं घर बघ."

शिंपीण मात्र म्हणाली, "टेकडीचा वारा येतो म्हणून मी पंखा घेतला नाही. पंख्याचे लिहा."

समितीपुढे बारकी उभी राहिली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. अध्यक्षांनी चष्मा खाली सरकवला. "एका गल्लीत सगळी शून्यं? कुणी पढवलं होतं का यांना?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण, बाई, नाही म्हण.

"हो," बारकी म्हणाली. "माझ्या आईने. अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलंय. म्हणूनच मी पुन्हा एकेकाला वेगळं विचारलं. शिंपीणबाईंनी पंख्याचे पैसे सांगितले. बाकी कुणीही भरपाईचा आकडा सांगू शकलं नाही. ज्याला फरक पडत नाही, तो आकडा लगेच सांगतो."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान ताठ ठेवली. अध्यक्षांनी ते पान उलटून पुन्हा वाचलं, आणि रस्ता वळवायचा नकाशा मागवला. अजून पक्कं काही नाही, पण मोजणीवाले आता टेकडीच्या पलीकडून दोऱ्या धरताना दिसतात.

बारकीची जागा कायम झाली. मी कपाट बघायला गेले, तर ही म्हणते, "लाकडी घे, पण लाकूड कुठल्या जंगलातलं ते विचार."

विचारलं. दुकानदार चौकशी करून सांगतो म्हणाला. तोवर मी भाव पाडून ठेवलाय.