उणे सत्तावीस

तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा मोबाइलवर एकच उत्तर आलं: सिग्नल उत्तम, तक्रार बंद.

माझी सून सविता पुण्याच्या कंपनीचं काम जळगावात घरी बसून करते. बोलता बोलता लाइन जायची, राउटरवर लाल दिवा लागायचा. तिच्या साहेबांना वाटलं, बाई कामचुकार आहे. दोष लाइनचा होता हे सोमवारपर्यंत लेखी द्या, नाहीतर दुसरी नोकरी बघा, असं त्यांनी कळवलं. तो दिवस शनिवारचा.

त्याच दिवशी चौथ्या तक्रारीला इंटरनेट कंपनीचा हितेंद्र आला. चाळिशीचा बाप्या. हातातल्या मीटरला आमची वायर लावली आणि म्हणाला, "बठ्ठं ठीक शे, अक्का. तुमचा आकडा सत्तावीस. शेजारी नूतनताईंकडे एकोणीस. तुम्हाला तर जास्त मिळतंय!"

"आणि आकड्याआधी ती आडवी रेघ?"

"ती असतेच हो."

माझं डोकंच फिरलं. चाळीसगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. लाइनमधून आवाज किती गळतो, ते आम्ही रोज रजिस्टरात उतरवायचो. चिन्ह चुकलं तर पान पुन्हा लिहायला लागायचं. आमचे हे, बन्सीलाल, तिथेच लाइनमन. खांबावर चढून दोष हाताने धरल्याशिवाय त्यांनी एकही तक्रार बंद केली नाही.

"गाव कोणतं रे तुझं?"

"पारोळ्याकडे."

"विहीर आहे?"

"शे ना."

"पाणी एकोणीस हातांवर होतं, ते सत्तावीस हातांवर गेलं. वाढलं म्हणतोस?"

त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं. "खाली गेलं."

"मग उणे सत्तावीस म्हणजे काय?"

"ॲपात उणे टाकायला जागाच नाही, अक्का. आम्ही नुसता आकडा टाकतो. मोठा दिसला की ते आपणहून उत्तम म्हणतं."

"आणि तुझे डोळे? तेही कंपनीनेच दिलेत?"

सविता मला आत ओढत होती. मी हलले नाही. शिडी लावून तो दारासमोरच्या खांबावर चढला, मी खाली उन्हात उभी. वर लोखंडी हुकापाशी आमची वायर काटकोनात वाकवून तारेने आवळली होती. आत काचेचा धागा, त्यातून सिग्नल प्रकाशाच्या रूपात जातो. असा वाकला की प्रकाश तिथेच गळतो. त्याने तेवढा तुकडा बदलला. मीटरवर उणे वीस आलं, घरात हिरवा दिवा लागला.

"झालं. कारण टाकतो, 'ग्राहकाच्या घरात वायर दबली'. त्याने तक्रार लगेच बंद होते."

"माझ्या घरात खांब आहे का रे?"

"अक्का, आमचे साहेब विचारतील ना, तार कोणी आवळली म्हणून."

"कोणी आवळली?"

त्याने शिडी मिटली. बराच वेळ मिटत राहिला. "मीच. कनेक्शन दिलं तेव्हा."

मी आतून कागद आणि पेन आणलं. "सविताच्या साहेबांसाठी लिही, दुरुस्तीआधी आकडा किती होता ते." त्याने उभ्यानेच लिहायला घेतलं.

"आकड्यात नको. चेकवर लिहितात तसं अक्षरात."

'उणे' लिहिताना त्याचं पेन अडलं, पण लिहिलं. खाली सही केली, तारीख टाकली.

"आणि तार कोणी आवळली, तेही."

"अक्का, माझी नोकरी..."

"तिची नाही का?"

त्याने दारात उभ्या सविताकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग कागद भिंतीला टेकवून आणखी एक ओळ लिहिली.