बत्तीस नगांचा आहेर

आमगावात लग्न कुणाचंही असो, आहेर पुकारायला माईकवर मी असतो. मास्तरकीतून निवृत्त झालो तरी आवाज शिल्लक आहे. "अमक्यांकडून एक डिनर सेट" असं मी वर्षाला दोन-अडीचशे वेळा तरी म्हणतो. तेव्हा ही गोष्ट सांगायचा पहिला हक्क माझा.

खेमराज पटले माझा शेजारी आणि जुना विद्यार्थी. बापानं भांड्यांचं दुकान चालवलं, यानं पाटीवर 'इंटरनॅशनल' जोडलं. मोबाइलवरच्या एका परदेशी बाजारात त्याला बत्तीस नगांचे डिनर सेट दिसले. चार घेतले तर महाग, हजार घेतले तर मातीमोल. पठ्ठ्यानं हजार घेतले. माल समुद्राकाठच्या कुठल्याशा मुक्त व्यापार क्षेत्रात उतरला. भूगोलात दोनदा नापास झालेला हा पोरगा मला समजावू लागला.

"गुरुजी, झोन आपल्या देशात आहे, पण माल अजून परदेशातच आहे असं समजाचं. पडून राहू द्या, कस्टमची ड्यूटी नाही. लागन तसे शंभर-शंभर खोके बाहेर काढाचे, तेवढ्याचीच ड्यूटी."

"आन उघडून कोन पाहते?"

"कायले उघडाचे? सीलबंद माल आहे. फोटो पाहा ना, किती झकास!"

खोका खरोखर झकास होता. सोनेरी फुलांच्या बशा छापलेल्या, हलवला की आत खणखण. लग्नसराईत अर्धा माल हातोहात गेला. मग एके दिवशी दुकानात एक खोका हातातून निसटला आणि फुटला. आत थर्माकोल आणि फरशीच्या टाइल्सचे तुकडे. वजनाला बरोबर, आवाजालाही बरोबर. खेमराजनं आणखी दहा उघडले, तेच. विकणारा तोवर मोबाइलवरून गायब झाला होता.

"गुरुजी, पाचशे खोके विकून बसलो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "वैशाखात गुंजनचं लगन आहे. पोरीसमोर कोन्या तोंडानं उभा राहू?"

गुंजन त्याची एकुलती एक. बाप म्हणजे आमगावातला सगळ्यात सरळ माणूस, असं ती कॉलेजातही सांगायची.

आम्ही महिनाभर वाट पाहिली. एकही खोका परत आला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोपरा फाटलेला एक खोका मी स्वतः पाच लग्नांत पुकारला होता, दर वेळी जुन्या नावावर नवी चिठ्ठी. आहेराचा डिनर सेट कुणी उघडतच नाही. तो सज्ज्यावर जातो आणि पुढच्या लग्नाला खाली उतरतो.

"खेमराज," मी म्हणालो, "आपल्याकडे मुक्त व्यापार क्षेत्र आधीपासून आहे. त्याले मांडव म्हणते."

महिन्याभरानं तो पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं झोनमधून उरलेला माल सोडवायला घेतला. मी त्याला अडवलं नाही, उलट त्याच्या घरचा चहा प्यालो. शरम तेव्हाच वाटायला हवी होती.

गुंजनच्या लग्नात एक्केचाळीस डिनर सेट आले. मी एकेक पुकारत होतो आणि खेमराज दर वेळी शेल्यानं घाम पुसत होता. "राहू दे इथंच, मी मागून पाठवतो," असं त्यानं पोरीला सांगितलं. पण तिला नागपुरात संसार थाटायचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती कैची घेऊनच बसली. मला चहाला बोलावलं होतं.

पहिल्या खोक्यात फरशी, दुसऱ्यातही फरशी. गुंजन बघतच राहिली.

"पाहा गुरुजी, लोकं किती लबाड!" खेमराज ओरडला. "माझ्या पोरीच्या लग्नात फरशा देतेत!"

इतक्या ठसक्यात म्हणाला की क्षणभर मलाही खरं वाटलं. गुंजननं कागद घेतला आणि लबाडांची नावं लिहायला सुरुवात केली. तिसरं नाव माझं होतं. मी कप खाली ठेवला.

तेविसावा खोका खणखणला नाही. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली काशाची थाळी होती, चिंचेनं घासून लख्ख केलेली. काठावर कोरलेलं: 'शांतीबाईस आईकडून.' शांतीबाई खेमराजच्या दुकानासमोर मुरमुरे विकते.

गुंजन त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "हिनं खोका उघडून पाहिला, बाबा. फरशा निघाल्या म्हणून घरची थाळी घातली." मग थांबून म्हणाली, "आन हा खोका तिनं कोन्या दुकानातून घेतला?"

आमगावात असे खोके विकणारं दुकान एकच.

"तुमाले माहीत होतं ना, बाबा?"

खेमराज माझ्याकडे पाहत होता आणि मी खिडकीबाहेर. गुंजननं लबाडांची यादी फाडून टाकली.

खेमराज थाळी घेऊन शांतीबाईकडे गेला. मी मागोमाग.

"बाई, माल खराब निघाला तर सांगाचं होतं. दुसरा देलो असतो."

"दुसऱ्यात काय होतं, शेटजी?"

त्यानं थाळी पुढे केली. ती तिनं घेतली नाही.

"पोरीले देली ना ते. आहेर कोनी वापस घेते का? तुमी बी फसलेच असान, म्हून लग्नात काही बोलली नाही. आता बाजूले सरका, गिऱ्हाईक उभं आहे."

संध्याकाळच्या गाडीनं गुंजन नागपूरला निघाली. चाळीस खोके ओसरीवर तसेच पडले होते, थाळी तिच्या बॅगेत होती. स्टेशनापर्यंत येऊ का, असं खेमराजनं विचारलं. ती नको म्हणाली.