झोपवलेला चेट्टियार

अम्मा अभ्यासाला बसली की मला राग यायचा. एकच पान दहा वेळा वाचायची, सगळ्या ओळींवर पिवळा रंग फासायची. पुस्तक मिटून काही विचारलं, की छताकडे बघायची.

अम्मा म्हणजे कनकलता, वय सेहेचाळीस, तंजावूरच्या एका सरकारी ऑफिसात शिपाई. क्लार्कच्या परीक्षेत दोनदा नापास. ही तिसरी आणि शेवटची, ह्यापुढे बसूच देत नाहीत. मग रिटायर होईपर्यंत दुसऱ्यांच्या टेबलांवर फायली ठेवत फिरायचं.

"डोकं म्हातारं झालं गे, लावण्या," म्हणायची.

खोटं. नवरात्रात कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडताना मी बघत होते. नऊ पायऱ्या, ऐंशी बाहुल्या. कुठली कुठे बसते, कोणी दिली, कोणाचा कान कधी फुटला, सगळं ती पाठ फिरवून सांगत होती.

"ऐंशी बाहुल्या आठवतात, आणि परीक्षेचे चाळीस नियम आठवत नाहीत?"

"बाहुल्या दिसतात. नियम कुठे दिसतात?"

बरं, म्हटलं, दाखवते. एकेक नियम एकेका बाहुलीच्या गळ्यात घातला. वामन छोटा, त्याच्याकडे किरकोळ रजा. ढोलवाल्याकडे तक्रारअर्ज, कारण आवाज. चेट्टियार, म्हणजे पुढ्यात डाळ-तांदूळ मांडून बसलेला ढेरपोट्या दुकानदार, त्याच्याकडे जमिनीच्या फायली किती वर्षं जपायच्या ते. वाचणं बंद. मी बाहुलीकडे बोट दाखवायचं, अम्माने नियम सांगायचा. चुकली ती बाहुली संध्याकाळी परत विचारायची. बरोबर आली ती तीन दिवसांनी.

सरस्वतीपूजेला पुस्तकं देवीपुढे ठेवली, की त्या दिवशी कोणी वाचायचं नाही. परीक्षेला दोन दिवस राहिलेले. अम्मा रडवेली झाली.

"पुस्तक नको वाचू," मी म्हटलं. "बाहुल्यांकडे बघू नको असं देवीने सांगितलंय का?"

त्या दिवशी चाळीसपैकी अडतीस आले. मी तोंडावर काही दाखवलं नाही.

पेपर देऊन अम्मा घरी आली. चपला काढल्या, पाणी प्याली.

"सगळं आलं. जमिनीच्या फायलींचं तेवढं राहिलं."

"का? चेट्टियार कुठे गेला?"

"काल झोपवला ना."

विजयादशमीच्या संध्याकाळी कोलूतली एक बाहुली आडवी करतात. झोपली म्हणजे कोलू संपलं. दर वर्षी अम्माच झोपवते.

"डोळे मिटले की तो आडवा दिसायचा," ती म्हणाली. "झोपलेल्याला कसं उठवू गे?"

"ऐंशी बाहुल्यांत तुला तोच सापडला?"

"दमलेला दिसला."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

दोन महिन्यांनी निकाल लागला. पास व्हायला पन्नासपैकी चाळीस मार्क लागतात. अम्माला एकेचाळीस. तिने ऑफिसातून मला फोन केला.

घरी आल्यावर पदर खोचला, स्टुलावर चढली, माळ्यावरची पेटी उघडली. जुन्या साडीत गुंडाळलेला चेट्टियार काढून टीव्हीवर बसवला.

"ऊठ रे. पास झाले. आता तरी सांग, किती वर्षं?"

"तीस," मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

ती वळून माझ्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय? पुढच्या वर्षी कोणाला झोपवायचं ते मी ठरवणार."