बिनमाईकची तालीम

केशोरीकडच्या लेकी दिवाळीला एकवेळ येणार नाहीत, पण मंडईला, दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, माहेरी येतातच. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचे नाच, रात्री नाटक. दुर्गेश्वरीही लग्नानंतर न चुकता यायची. मग टीना तीन वर्षांची झाली, नागपूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला, आणि तेव्हापासून दुर्गेश्वरीनं मंडई फोनवरच ऐकली. आई लीलाबाई नाटकाच्या मंडपात फोन उंच धरायची. "ऐकू येऊन राहिलं का वं?" गोंदियातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, मागचं दार लोटून घेऊन, दुर्गेश्वरी म्हणायची, "येते, येते." येत होती ती नुसती खरखर. तरी ती फोन कानाला लावून उभी राहायची.

ती गेली त्या शेवटच्या मंडईत लाऊडस्पीकरनं एकदा शिट्टी मारली आणि टीनानं जमिनीवर डोकं आपटून घेतलं. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, बाहेरचं असन, दाखवा कुठं. कुणी म्हणालं, माय एवढी कॉलेज शिकली, पोरीले वळण लावता नाही आलं. दुर्गेश्वरी सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत लेकीला घेऊन निघाली होती.

मोठ्या शहरांत म्हणे सिनेमा-नाटकांचे असे खेळ असतात: आवाज कमी, दिवे चालू, मूल मधेच उठलं, हिंडलं, ओरडलं तरी कुणी वळून बघत नाही. हे तिनं मोबाइलवर वाचलं, नवऱ्याला, ओमेशला, वाचून दाखवलं, आणि एक दिवस धीर करून गोंदियातल्या सिनेमागृहाच्या मॅनेजरला जाऊन भेटली. माणूस भला होता, चहा मागवला. "मॅडम, आवाज कम किया तो पब्लिक कुर्सी फाड़ देगी," म्हणाला. तीही हसली.

हे सगळं तिनं भावाला, योगराजला, सांगितलं. तो गावच्या नाटकात खलनायक करायचा.

"मंग आपण करू ना बाई! नाटकातल्या बाया बाहेरगावून दुपारीच येतात, रंगीत तालीम होते. शाळेच्या वऱ्हांड्यात घेऊ. माईक नाही, बाजा हळू. फक्त घरची माणसं."

"आणि नाही जमलं तर?"

"तं नाही जमलं! कायले एवढा विचार करून राहिली?"

विचार तिनं केलाच होता. यंदा नाही जमलं, तर मंडईचं नाव पुन्हा काढायचं नाही. हे तिनं ओमेशलाही सांगितलं नव्हतं.

योगराजनं पाठवलेले वऱ्हांड्याचे फोटो ती टीनाला रोज दाखवत राहिली. हा खांब, ही पायरी, इथे आजी बसेल, इथे तू, इथे मी.

मंडईच्या दिवशी ओमेश दोघींना गावी सोडून परत गेला. संध्याकाळी न्यायला येणार होता. दुपारी वऱ्हांड्याशी पोचली तेव्हा दुर्गेश्वरीचे पाय जागीच थांबले. "घरची माणसं" म्हणजे अर्धं गाव! पण चपला हातात घेऊन आलेलं. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. मंडई समितीचे भैयालाल, ज्यांची हाक तीन गावांना ऐकू जाते, ते खांबाला टेकून खुणांनीच लोकांना बसवत होते.

टीनानं वऱ्हांडा पाहिला. फोटोतला खांब ओळखीचा निघाला. ती सरळ गेली आणि लीलाबाईच्या शेजारी सतरंजीवर बसली.

दुर्गेश्वरी तिच्या पलीकडे बसली. मधे लेक, लेकीच्या डोक्यावरून आईचा हात आपल्या खांद्याला टेकलेला. पेटीवर कुणीतरी सूर धरला. तिला वाटलं, एवढंच हवं होतं. नाटक नाही झालं तरी चालेल.

तेवढ्यात मागे एक तान्हं कुरकुरलं.

"शू," कुणीतरी म्हणालं.

"शू!" दुसरीनं पहिलीला गप्प केलं. तिसऱ्यानं दुसरीला. प्रत्येकाला शांतता राखायची होती, आणि बघता बघता सगळा वऱ्हांडा एकमेकांना दटावू लागला. शूऽऽऽ! कुकरची वाफ सुटावी तसा आवाज. आणि घरात टीनाला सोसत नाही तो नेमका कुकरच.

टीना कानांवर हात दाबून किंचाळली आणि पळाली. दुर्गेश्वरी मागे. पाठीमागून लीलाबाईचा रडवेला आवाज आला, "काऊन पळाली वं? कोणी बोललं तं नाही!"

शाळेमागच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान कापून झाला होता. टीना धापा टाकत दूरच्या एका धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, उकिडवी बसली आणि पुढेमागे झुलू लागली. दुर्गेश्वरी हातभर अंतर ठेवून टेकली. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. हे आता अंगवळणी पडलं होतं. ओमेशला फोन करावा, आत्ताच ये म्हणावं. झालं ते झालं. खांद्यावर आईच्या हाताची ऊब अजून होती, आणि तीच जास्त छळत होती.

मग वऱ्हांड्यातून गाणं आलं. तालीम थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. बायांना मग रात्रीच्या नाटकासाठी तोंड रंगवायला जायचं होतं. कोण बाई गात होती, दिसत नव्हतं. माईक नसलेला तिचा आवाज बांध्यांवरून येता येता पातळ होत होता, शब्द गळून जात होते, उरत होती ती नुसती चाल. टीनाचं झुलणं मंदावलं. एक हात कानावरून खाली आला. मग दुसरा.

गाणं संपलं.

"परत," टीना म्हणाली.

"संपलं, राणी."

"परत."

इतकी वर्षं दुर्गेश्वरीनं माणसांकडे एकच गोष्ट मागितली होती: हळू. हळू बोला, हळू वाजवा, सॉरी. ती उठून उभी राहिली.

"टीना, आई ओरडणार आहे. कान झाक."

टीनानं शहाण्यासारखे कान झाकले.

"वन्स मोऽऽर!"

वऱ्हांड्यातली झाडून सगळी डोकी वळली. खलनायकाच्या मिशा लावलेला योगराज पायरीवर धावत आला. "बाई! ऐकू नाही येऊन राहिलं का? माईक लावू काय?"

"नकोऽ!" दुर्गेश्वरी ओरडली, आणि तिच्याबरोबर अख्खा वऱ्हांडा ओरडला. मग सगळे हसले, हसता हसता आपणहून गप्प झाले. यावेळी कुणी कुणाला दटावलं नाही.

गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

इथून दिसत होत्या त्या फक्त पाठी. पण पाठीवरूनही तिला सगळे ओळखू येत होते. ती शाळेतली मैत्रीण, तो खांबाशी भैयालाल, ती आई, मान सारखी मागे वळवणारी. त्या पाठींत आपलीही एक पाठ असावी, दुसऱ्या कुणीतरी लांबून ओळखावी, असं तिला इतकं वाटलं की तिनं धुऱ्यावरचं गवत मुठीत धरलं.

टीना उठली. वऱ्हांड्याच्या दिशेनं पुढच्या बांधीत उतरली, धसकटांतून जपून चालत पलीकडच्या धुऱ्यावर गेली आणि तिथे बसली.

दुर्गेश्वरीनं हाक मारली नाही. तीही उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. गाणं आता जरासं जास्त ऐकू येत होतं. मधे अजून बांध्या होत्या.