खांद्यात बसलेला कोट

चिमणी हे नाव तिला आप्पांनी ठेवलं, ती चार दिवसांची असताना. पुढे ही चिमणी स्वतःच्या दुप्पट वजन डोक्यावर पेलायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही. आप्पा शिंपी. जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्याला लेकीचं माप मात्र चुकलं, असं समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा. इस्त्रीवाल्याचं काय जातं बोलायला!

महास्पर्धेसाठी पथकाचा निळा कोट घरी आला, तेव्हा तो तिला होईना. कंबरेत नीट आणि खांद्यात आवळलेला. हात वर करायचा म्हटलं तर शिवण करकरायची. वजन उचलणाऱ्या मुलीचे खांदे कसे असतात, हे कोट कापणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आप्पांनी चष्मा पुसला आणि दोन्ही खांदे उसवले. शिवणीच्या आत दाबलेलं जादा कापड सोडलं, बाही नव्याने बसवली. ज्या कामाला एरवी दोन दिवस लागायचे, त्याला अकरा लागले, कारण गेल्या वर्षापासून आप्पांचा उजवा हात थरथरायचा. गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. कपडे दुसरीकडे जायला लागले होते.

कोट घातला तेव्हा आप्पांनी तिला हात वर करायला लावला. कॉलर मानेवर चढली नाही.

"उद्घाटनाला चालताना असाच हात हलव," ते म्हणाले. "बाकीच्यांचे कोट मानगुटीवर बसतील. तुझा बसणार नाही. मग बघतो कोण म्हणतो हात गेला म्हणून."

तेवढ्यासाठी तिला त्या संचलनात चालायचं होतं. पदकाचं नंतर बघता आलं असतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काट्यावर ती तिच्या पंचावन्न किलोच्या गटाला सहाशे ग्रॅम जास्त भरली. तिची वजन-तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती, स्पर्धा दहाला. कोच सरांनी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आज संचलन-बिंचलन काही नाही."

"सर, पाया पडते. आप्पांनी सगळ्या गल्लीला बोलावलंय."

"बरं. चारपर्यंत पंचावन्नवर आलीस तर जा. बस साडेचारला आहे."

मग काय, चिमणी प्लास्टिकचा सूट चढवून वाफेच्या खोलीत बसली. बाहेर येऊन दोरीवरच्या उड्या, पुन्हा आत. पाण्याचा थेंब नाही. तोंडात च्युइंगम, हातात बाटली, आणि सुटलेली लाळ त्या बाटलीत थुंकायची. लाळेलाही वजन असतं. दुपारी एकला जीभ टाळूला चिकटली. तीनला तिला उभं राहताना भिंत धरावी लागली. चारला दहा मिनिटं कमी असताना ती काट्यावर चढली. पंचावन्नला पन्नास ग्रॅम कमी. ती हसली, तर ओठ फुटला.

धावतच खोलीवर गेली. खुंटीवर कोट नव्हता. पलंगावर पथकाची टोपी नव्हती. दारात कोच सर उभे होते.

"कोट पथकाच्या मॅनेजर साहेबांच्या बायकोला दिलाय. चौघींची रांग आहे, तिघी कशा चालतील? उंची तुझ्याएवढीच आहे त्यांची."

"पण मी वजनात आले, सर. चारच्या आत आले."

"आलीस ना? शाबास. तुझं नाव तर मी सकाळीच काढून दिलं होतं."

"मग मला चारची वेळ कशाला दिलीत?"

"त्याशिवाय एवढा घाम गाळला असतास?" सर अगदी प्रेमाने म्हणाले. कोपराला गूळ लावायची त्यांची पद्धत जुनी होती आणि आजवर त्यांना पदकं मिळाली होती ती तशीच. "आता पडून राहा. फोन मला दे. घरचे बोलतात आणि तुम्ही रडत बसता. सकाळी देईन."

संध्याकाळी तिने खोलीबाहेरच्या व्हरांड्यातल्या टीव्हीवर संचलन पाहिलं. सफाईवाली बाई शेजारी फडका घेऊन उभी होती. पथक आलं. तिसऱ्या रांगेत कडेला निळा कोट होता, वर रुंद काठाची टोपी, टोपीच्या सावलीत तोंड. मॅनेजरांच्या बायकोचे खांदे बारीक. आप्पांनी अकरा दिवस बसवलेला खांदा त्यांच्या दंडावर घसरून लोंबत होता. कॅमेरा नेमका मागून जवळ गेला. पाठीवर कापडाची चुणी घालून मोठी सेफ्टी पिन लावली होती. ती दिव्यांत चांगली चमकत होती.

"ही कोण गं, भावाचा कोट घालून आलीय?" सफाईवाली म्हणाली आणि हसली.

चिमणीला रडायचं होतं. डोळ्यांत पाणीच आलं नाही. ते तिने दिवसभरात बाटलीत थुंकून टाकलं होतं.

सकाळी साडेसातला वजनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर सरांनी फोन परत दिला. तो वाजतच होता.

"चिमणे," आप्पा म्हणाले. "सगळे जमलेत दुकानात. फोन मोठ्यानं लावलाय."

मागून गलका झाला. मग आप्पांचा आवाज खाली आला.

"पाहिलं काल. टोपी छान होती. खांदा पडला गं. आणि पाठीला पिन. मी केलेल्या कोटाला पिन."

"म्हणत नव्हतो मी?" इस्त्रीवाल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "हात गेला म्हाताऱ्याचा. पोरीला साऱ्या जगापुढं बुजगावणं केलं."

"खरंय त्याचं," आप्पा म्हणाले. "मशीन आजच झाकून ठेवतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू हात नाही वर केलास, ते बरं केलंस."

"आप्पा, ती मी नव्हते!" ती ओरडली. बाकावरच्या इतर मुलींनी वळून पाहिलं. "मला जाऊ दिलं नाही. कोट दुसऱ्याच बाईने घातला होता. तुमचा खांदा बरोबर आहे, आप्पा. एका सुतानेसुद्धा चुकला नाही."

दुकानात कुणीतरी खुदकन हसलं.

"पोरगी गुणाची आहे," इस्त्रीवाला म्हणाला. "बापासाठी खोटं बोलते."

"अगं, माझ्या हातची शिवण मी ओळखणार नाही होय?" आप्पा म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझाच कोट होता. कोटात तू नाहीस तर कोण असणार? खोटं बोलू नये, चिमणे. मला त्यानं आणखी लागतं."

तिने फोन सरांपुढे धरला. "सर, तुम्ही सांगा. एवढं एकच सांगा. मी मग काही मागणार नाही."

सरांनी फोनकडे पाहिलं. खेळाडूच्या जागी मॅनेजरची बायको चालली हे बाहेर पडलं तर कुणाकुणाची खुर्ची जाईल, हे त्यांना एका क्षणात कळलं. त्यांनी फोन घेतला.

"नमस्कार आप्पा. हो हो, तीच होती. स्पर्धेआधी मुली अशा बिथरतात, काहीही बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका. कोटाचं काय एवढं, तुमचं वय झालं."

"झालंच की, सर," आप्पा म्हणाले. "तिला सांभाळा."

सरांनी फोन बंद करून खिशात टाकला. दार उघडलं, आतून तिचा क्रमांक पुकारला गेला. ती काट्यावर उभी राहिली. पंचावन्नला तीनशे ग्रॅम कमी भरली.

"बघ," सर म्हणाले, "रात्रीतून आणखी उतरलीस."